न म्हटलेलं ‘व्हय म्हाराजा’

बाबा, मी कुडाळला घड्याळांच्या दुकानात कामाला लागलोय. साधी घड्याळं नाहीत ही. तुम्ही एकदा किंमत विचारली असती आणि हात मागे बांधून बाहेर पडला असता. हॉटेलवाले येतात, आंब्याच्या बागांवाले येतात, जमीन विकून मोकळे झालेले येतात. कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं. भर वर्गात सरांशी भांडलो आणि परत गेलोच नाही. आई म्हणते, तुझ्या डोक्यातलो जाळ तुकाच खातलो. हा जाळ तुमच्याकडून आलेला नाही, एवढं नक्की. मग तुमच्याकडून काय आलं, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हा तुम्ही मला नुसते गप्प माणूस वाटायचात.

दुकानात कंपनीने पाठवलेलं एक मोठं पोस्टर आहे. एक सुटाबुटातला माणूस बोटीच्या सुकाणूवर हात ठेवून उभा, मनगटावर घड्याळ, आणि खाली मराठीत लिहिलेलं: ‘फक्त वेळ सांगतं. बायकोसारखं “कुठे होतास?” विचारत नाही.’ उद्घाटनाच्या दिवशी कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते. मालकांचे काका देवाला गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन उभे राहिले, तेव्हा साहेबांनी हसत त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांचा आवाज तुम्हाला आवडला असता. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज दुकान घातलेला आसा, तेका यश दी रे म्हाराजा!” आम्ही सगळे, “व्हय म्हाराजा!” “कोणाची वाकडी नजर पडली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “आणि घराकडे गेल्यार ‘खंय होतास’ म्हणान इचारतत, त्या बायलांची तोंडा बंद कर रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!”

आपल्याकडे गाऱ्हाण्याला होकार तोंडातून आपोआप जातो, तुम्हाला ठाऊक आहे. काय मागितलं ते डोक्यात शिरायच्या आत देवाला हो सांगून झालेलं असतं. पुरुषांनी म्हटलं, मागे उभ्या बायकांनीही म्हटलं. काउंटरवर माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी आहे, वैभववाडीकडची. ती पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होती. तिच्याही तोंडून ते गेलं, आणि मग तिचा चेहरा उतरला. साहेब पोट धरून हसत होते. माझं तोंड उघडलं होतं, पण आवाज आला नाही. कारण त्या क्षणी मला तुम्ही दिसलात.

नारळी पौर्णिमा आहे. मी तुमचं बोट धरून किनाऱ्यावर उभा आहे. दर्याला नारळ द्यायच्या आधीचं गाऱ्हाणं चाललंय आणि मी सगळ्यात मोठ्याने ओरडतोय. कोणीतरी मध्येच मस्करीत मागणं घालतो, आमच्या बायलांका वर्षभर मुकी करून ठेव रे म्हाराजा. सगळा किनारा गरजतो. तुम्ही तेवढ्यापुरते गप्प. रागावलेले नाही, समोर पाण्याकडे बघत. पुढच्या मागण्याला पुन्हा तुमचा आवाज सगळ्यांबरोबर. घरी येताना मी विचारलं, “बाबा, तुमी व्हय म्हणूक नाय?” तुम्ही म्हणालात, “माका नको आसा ता मी देवाकडे कित्याक मागू? तुझ्या आवशीचा तोंड बंद झाला तर बाजारात मासळी कोण इकतला?” थोडं चालून झाल्यावर म्हणालात, “आणि माका यवक उशीर झालो तर इचारतला कोण?”

तो उशीर मला आठवतो. होडी वेळेवर दिसली नाही की आई माडाखाली जाऊन उभी राहायची. तुम्ही वाळूत पाय टाकलात की तिचं पहिलं वाक्य, “खंय होतास?” तुम्ही जाळ्याचं काहीतरी सांगायचात, ती रागाने घरी निघून जायची, आणि तुम्ही मागून हसत यायचात. ती बाजारातून उशिरा आली तर चुलीपाशी तुम्ही. बांगड्याचं तिखलं तुमच्या हातचं जास्त चांगलं व्हायचं, आई आजही कबूल करत नाही. शेजारचे काका कुंपणावरून टोमणा मारायचे, “काय रे, आज पण चुलीकडे तूच?” तुम्ही म्हणायचात, “व्हय. येतंस जेवूक?” आणि ते यायचे की! जेवून जायचे.

दुकानात मात्र त्या पोस्टरने वेगळंच चालवलं होतं. लोक ते वाचून हसतात आणि हसल्यावर मोकळे होतात. भिंतीवरच लिहिलंय म्हटल्यावर आपणही बोलायला हरकत नाही, असं त्यांना वाटतं. “तुमी इचारतास काय हो घोवाक?” असं काउंटरवरच्या त्या मुलीला, लग्न झालेलं नसतानाही, रोज कोणीतरी विचारणारच. एकदा एक बागवाले बायकोला घेऊन आले. घड्याळ बाईंनीच निवडलं होतं, नवऱ्याच्या हातात घालूनही बघितलं. नवऱ्याने पोस्टर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याही हसल्या, बायका हसतात तसं. मग घड्याळ काढून काचेवर ठेवलं, “नंतर बघूया” म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. घड्याळ राहिलं तिथेच.

आणि एक दिवस चार पोरं आली. त्यातला एक तिच्याकडे बघून म्हणाला, “घड्याळ घेतल्यार ही पण गावता काय?” मी काउंटरवरून उडी मारून त्याची कॉलर धरली. पोरं गेली. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. बघितलं तिने, पण कसं! “माका इचारलंस? तू हिरो झालंस, आणि उद्या मालक म्हणतले, पोरगी आसा म्हणान भांडणा होतत. घराक कोण जातला? मी!” त्यानंतर ती कामापुरतंच बोलायची. मला जेवण जाईना. आईने विचारलं, काय झाला, तर तिच्यावरच खेकसलो.

गेल्या आठवड्यात साहेब पुन्हा आले. विक्री का नाही, म्हणून मालकांना झापत होते. मग वातावरण हलकं करायला त्यांनी पोस्टरकडे बोट करून बायकोवरचा अजून एक विनोद सांगितला. मालक हसले, हसायलाच हवं होतं. मी हसलो नाही. साहेब म्हणाले, “काय रे, समजला नाही?” मी म्हणालो, “समजला, साहेब. मला नको आहे, म्हणून हसलो नाही.” आवाज चढला नाही. मग ती शांतपणे म्हणाली, “साहेब, घड्याळ पुरुषाच्या हातात असतं, पण पसंत करायला बाई आलेली असते. ती हे वाचते आणि निघून जाते. मी रोज बघते.” आणि बागवाल्या बाईंचं सगळं सांगितलं. साहेबांना पटलं असं नाही, पण मालकांनी संध्याकाळी पोस्टर उतरवून मागच्या खोलीत ठेवलं. पुढच्या सणाला कंपनी काय पाठवेल, देव जाणे.

शटर ओढताना ती म्हणाली, “उद्घाटनादिशी माझ्या तोंडातसून पण व्हय ग्येला. तू गप होतस. माका दिसला होता.” एवढंच, आणि एसटी पकडायला पळाली. बाबा, कॉलर धरली ते तिला नको होतं, आणि जे मी केलं असं मला वाटतही नव्हतं ते तिने एवढे दिवस जपून ठेवलं होतं. ते माझं नव्हतंच. ते तुमचं होतं. तुम्ही कधी शिकवायला बसला नाहीत, बरं झालं. बसला असता तर मी भांडलो असतो.

उद्या तिला लग्नाचं विचारणार आहे. नको म्हणाली तर ऐकून घेईन, गप्प, तुमच्यासारखा. जमेल की नाही माहीत नाही. हा कागद काही कुठे जायचा नाही. आणि खरं सांगतो, रागावू नका, मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. वर तिचं नाव लिहिलं होतं. पुढे एक शब्द सुचेना, म्हणून ते खोडून ‘बाबा’ लिहिलं.