दादांनी ऐकलेली बातमी

१२ ऑगस्ट १९५६, रविवार

पेटीला आज हात घातला. मासिकातल्या त्या चालू गोष्टीतलं यंत्र: हिरवा डोळा, कपाळावर एकामागून एक पळणारे तीन दिवे, आणि तोंडातून पुढच्या शतकातल्या बातम्या. गणपतीचं नाटक बसवणाऱ्या बापू फडणिसांना ते हवं आहे. त्यांचं म्हणणं, खोक्याला चांदीचा रंग फासू आणि आत कुणाला तरी बसवू. मी म्हटलं, बापू, मी तारघरातला माणूस, माझ्या हातून खोटा खोका जायचा नाही. चित्रात आहे तस्सं करीन आणि चालेल असं करीन. बोलून बसलो. आता निस्तरा.

कुसुम म्हणाली, "घरातली इस्त्री तीन महिने बंद पडलीय, ती नाही दिसत तुम्हाला." ऐकू न आल्यासारखं केलं.

१९ ऑगस्ट, रवि.

फ्रीगंजला हुसेनभाईंच्या दुकानी दोन तास. मेलेल्या रेडिओंच्या ढिगातून त्यांनी डोळा काढून दिला. स्टेशन नीट लागलं की हिरवी फट मिटते, तो व्हॉल्व्ह. "ले जाओ सदाशिवबाबू, सेट मर गया, आँख ज़िंदा है." घरी येऊन जोडला. खरंच जिवंत आहे. आवाज चढला की डोळा बारीक होतो. अर्धा तास नुसता बघत बसलो.

दिवे पळवायला कुसुमचं जुनं लाटणं घेतलं. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या तिरक्या ठोकल्या आणि ग्रामोफोनच्या चावीवर फिरवलं. पट्टी टेकली की दिवा लागतो. कुसुम आधी लाटण्यावरून बोलली, मग पदर खोचून माझ्याशेजारीच बसली.

राहिला आवाज. त्याला दादांचा रेडिओ लागणार. मागे ग्रामोफोन जोडायची भोकं आहेत, तिथे टेलिफोनचं बोलायचं तोंड लावलं की मी मागच्या खोलीतून बोललेलं पुढच्या खोलीत रेडिओतून निघेल. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. शाळेपासून तारघरापर्यंत दादांनीच आणलं मला, कशाला नाही म्हणाले नाहीत. पण रेडिओला कुणी हात लावलेला खपत नाही. संध्याकाळच्या बातम्या काळी टोपी घालून ऐकतात, जणू आत साहेब बसलाय.

विचारलं. म्हणाले, "कर. पण बातम्यांच्या वेळी मोकळा पाहिजे." गणपती मंडळाचे अध्यक्षही तेच, म्हणून सुटलो.

२६ ऑगस्ट, रवि.

आज जे केलं ते लिहून ठेवतो.

दुपारपासून जोडणी. बापू मदतीला. चारच्या सुमाराला आवाज निघाला, स्वच्छ, आणि चक्क रेडिओसारखा. माझाच आवाज मला परका वाटला. बापू म्हणाले, सदूभाऊ, दादांवर करून बघू या की! मला मोह झाला. खोटं कशाला, बापू बोलायच्या आधीच झाला होता.

दादांच्या महसूल कचेरीत सध्या दुसरा विषय नाही. मध्य भारत राज्य जाणार, भोपाळला नव्या राज्याची राजधानी होणार, कोण राहणार, कोण निघणार. घरी येऊनही तेच. दादा बावन्नचे, पेन्शनला अजून तीन वर्षं. म्हटलं, घाबरवू जरा आणि मग हसू.

वेळेवर आले, टोपी घातली, बटण फिरवलं. मी मागच्या खोलीत तोंडाला रुमाल लावून हिंदीत सुरू केलं. "मध्य भारत के विलय के उपरांत, पहली नवंबर से, राजस्व विभाग के पचास वर्ष से अधिक आयु के कर्मचारी सेवा से मुक्त किए जाएँगे." बापू धोतराचा सोगा तोंडात कोंबून लोळत होते.

खिडकीतून वाकून पाहिलं. दादांनी टोपी काढली. घडी केली. रेडिओ बंद केला आणि वहिनींना म्हणाले, "मला आज थोडंच वाढ." जेवून क्षिप्रेच्या घाटाकडे फिरायला गेले.

हसत बाहेर यायचं ठरलं होतं. आलो नाही. बापू म्हणाले, उद्या सांग.

२७ ऑगस्ट

सांगितलं नाही. सकाळी दादा लवकर गेले. मनाशी म्हटलं, कचेरीत विचारतील, असं काही नाही हे कळेल, घरी येऊन कान पिळतील, संपलं. संध्याकाळी आले ते नेहमीसारखेच. कान पिळला नाही. उलट माझ्याकडे बघून मान हलवली, बरं केलंस म्हणावं तशी. मला अर्थ कळला नाही. विचारलंही नाही.

३० ऑगस्ट

वहिनींनी कुसुमला सांगितलं, कुसुमनं मला. दादांनी राजीखुशीनं निवृत्त होण्याचा अर्ज दिला. मंगळवारीच. कचेरीत कुणाला कारण सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. एवढंच म्हणाले, "काढण्याआधी आपण उठावं."

कुसुमला काही बोललो नाही. ती म्हणाली, "दादांना झालंय काय?" मी म्हटलं, "काय माहीत." वाक्य सहज निघालं तोंडातून, याचीच जास्त लाज वाटते.

३ सप्टेंबर

हुसेनभाईंना सांगून टाकलं. बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं असतं. ते तारेला कथलाचा डाग देत होते, देतच राहिले. मग म्हणाले, "आपने बड़े भाई को बताया?" म्हटलं, नाटक होऊन जाऊ दे. दादा अध्यक्ष, मधेच काही बिघडलं तर सगळ्यांचा विरस. "तो ये नाटक के लिए है," ते म्हणाले, "अच्छा." मला वाटलं होतं समजूत घालतील.

पेटी झाली. तोंडावरचा पडदा भैरवगढच्या छापील कापडाचा. चित्राशेजारी ठेवून पाहिली, फरक सापडत नाही. इतकं हुबेहूब काम हातून कधी झालं नव्हतं, आणि तिच्याकडे बघवत नाही.

१६ सप्टेंबर, रवि.

काल नाटक. पेटीनं बाजी मारली. डोळा मिटला, दिवे पळाले, आणि सन दोन हजारातल्या बातम्या सुरू झाल्या तशी माणसं बाकांवर उभी राहिली. जोशीकाकू चंद्रावर हळदीकुंकवाला गेल्या, यावर तर दोन मिनिटं टाळ्या. मी आतून बोलत होतो आणि घाम पुसत होतो. तेच तोंड, तोच रुमाल.

शेवटी दादांनी सगळ्यांसमोर श्रीफळ दिलं. पाठीवर हात ठेवून माईकशिवाय, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाले, "तुझं डोकं आणि तुझं काळीज, दोन्ही मला ठाऊक आहे."

लोक विचारतात, आवाज कुणाचा? बापू डोळा मारतात. घरी येऊन नारळ देवापुढे ठेवला, फोडला नाही.

२४ सप्टेंबर

साहेबांनी शेरा मारून अर्ज वर पाठवला. कचेरीत गठ्ठे बांधणं चालू आहे, भोपाळला जायचे. दादा घरी येऊन हातातल्या सुतळीच्या खुणा चोळत बसतात. बत्तीस वर्षांचे कागद आपल्या हातानं बांधतायत.

नाटक झालं. आता काय निमित्त? निमित्त नाही. भीती आहे. ते रागावतील याची नाही. रागावले तर पाया पडेन. माझ्याकडे बघायचे तसं पुन्हा बघणार नाहीत, याची.

२ ऑक्टोबर

कुसुमला कळलं. बापूंच्या बायकोकडून, हसत हसत सांगितलेली गंमत म्हणून. कुसुम पोळ्या करत होती, तवा उतरवून आली. "इतके दिवस? वहिनी माझ्याजवळ रडून गेल्या आणि तुम्ही आत बसून ऐकत होतात?" मग म्हणाली, "रविवारपर्यंत सांगा. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं तर तुम्हाला या घरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

रागात खरं बोलली. आत्ताही कुठे आहे जागा.

७ ऑक्टोबर, रवि.

सांगितलं. दादा दाढी करत होते. वहिनी देवळात गेल्या होत्या, मुद्दाम तीच वेळ धरली, त्यातही भ्याडपणाच.

म्हटलं, दादा, ती बातमी रेडिओची नव्हती. मी बोललो होतो, आतल्या खोलीतून.

वस्तरा थांबला नाही. म्हणाले, "माहीत आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आवाज ओळखला मी. हिंदीत बोललास म्हणून काय झालं? बोबडं बोलायचास तेव्हापासून ऐकतोय."

मग अर्ज का दिलात, असं मी ओरडलोच.

त्यांनी तोंड पुसलं. म्हणाले, "मला वाटलं, ग्वाल्हेरच्या वरच्या कचेरीतून तार आली असेल. तारबाबूला तारेतलं बाहेर बोलायची बंदी, तू शपथ घेतलेली, मीच तर आलो होतो तुझ्याबरोबर त्या दिवशी. म्हटलं, सदूनं वाट काढली. तोंडानं सांगता येत नाही म्हणून पेटीतून सांगितलं. नोकरी पणाला लावली माझ्यासाठी. म्हणून तर कुणापाशी बोललो नाही मी. तुझ्या वहिनीपाशीसुद्धा नाही. विचारलं असतं कुणी, कुठून कळलं, तर तुझं नाव निघालं असतं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"तर तार नव्हतीच."

नाही.

"गंमत होती."

हो, दादा.

फेस वाळला होता त्यांच्या कानाशी. मग म्हणाले, "बरं." आणि उठता उठता, "रेडिओवर कापड टाक. धूळ बसते."

मारलं असतं तर बरं झालं असतं. मी थट्टा केली तेव्हा ते मला शूर समजत होते, आणि दीड महिना समजत राहिले. त्या दीड महिन्यातला प्रत्येक दिवस मला लागतो आहे.

९ ऑक्टो.

म्हटलं, अर्ज मागे घ्या. "कारण काय लिहू? भावानं थट्टा केली?" म्हटलं, मी जातो साहेबांकडे, मी सांगतो सगळं. तेव्हा मात्र चढा आवाज, पहिल्यांदाच. "बिल्कुल नाही! तारघरातला माणूस सरकारी हुकूम खोटा वाचतो, हे साहेबाला सांगतोस? नोकरी जाईल. घरात एकाची गेली तेवढी पुरे."

अजून मलाच वाचवतायत. कुठे तोंड लपवू.

१२ ऑक्टो.

वहिनींना सगळं कळलं आणि त्यांनी दादांना लिहायला लावलं. त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही, फक्त चहा समोर ठेवायच्या त्या आता कट्ट्यावर ठेवतात, मी उचलून घेतो. दादांनी लिहिलं, पूर्वीचा अर्ज घाईत केला होता, तो रद्द समजावा. कागद टपालानं गेला, आणि वर पोचेपर्यंत उशीर नको म्हणून तारही. तार मीच मारली. दोन शब्द चुकीचे गेले. पलीकडच्या बाबूनं दोनदा परत विचारलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

नवं राज्य झालं. दिवाळीचे दिवे आणि हे दिवे एकच झाले. तारांचा पाऊस, अभिनंदनाच्या, बदल्यांच्या. दादांचं काही नाही. त्यांचे साहेब भोपाळला गेले, नव्या साहेबांना अर्ज ठाऊक नाही आणि मागे घेतल्याचाही पत्ता नाही. दादा कचेरीत जातात, खुर्चीवर बसतात, त्या खुर्चीचं काय ठरलं हे कुणी सांगत नाही.

घरी माझ्याशी बोलतात. पण मी काही सांगितलं की आधी वहिनींकडे बघतात, खरं का म्हणून. काल म्हटलं, नळाला पाणी आलंय. उठून पाहून आले. मुद्दाम नाही करत. त्यांच्या लक्षातही येत नसेल.

१० नोव्हेंबर

बापू आले होते. इंदूरच्या मंडळाला पेटी हवी आहे. म्हटलं, डोळा हुसेनभाईंना परत केला, बाकीचं मोडलं. लाटणं राहिलंय, ते न्या. बापू हसले. मी हसलो नाही, तेव्हा उठून गेले.

१४ नोव्हेंबर, तारघर, सायंकाळी पाच

आली. भोपाळहून, दादांच्या नावानं. माझ्याच यंत्रावर आली, माझ्याच हातानं उतरवून घेतली. पहिल्या चार शब्दांतच कळलं काय आहे ते. तरी शेवटपर्यंत उतरवून घेतली, एकेक अक्षर, आणि पोचल्याची खूण दिली.

मजकूर इथे लिहीत नाही. या वहीतही नाही. शपथ म्हणजे शपथ, उशिरा का होईना.

पाकीट बंद केलं. शिपाई सायकल काढत होता. म्हटलं, राहू दे, हे घर माझंच आहे, मीच नेतो. तो म्हणाला, "बाबूजी, अच्छी ख़बर है कि बुरी?" त्याला म्हटलं, जिसकी है, पहले उसको बताऊँगा.

सहाला सुटेन. पाकीट दादांच्या हातात देईन. ते म्हणतील, "तूच सांग." आणि मी सांगेन, समोर बसून, माझ्या आवाजात. मग ते वहिनींकडे बघतील की माझ्याकडे, तेवढंच बघायचं आहे मला.