पोटातलं वजन
बेंबळी, गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

प्रिय वैष्णवीताई,

दहा कोंबड्या कापून, शिजवून, मांस तोलून आत्ताच हात धुतले. फोन केला असता, पण दाजी तुझा फोन स्पीकरवर लावतात, आणि हे आधी तुला एकटीला कळायला हवं. शंभूचा टेम्पो चारला नळदुर्गला निघतोय, त्याच्याजवळ हे पत्र देतोय.

शेडमध्ये जाळी लावून दोन जातींची पन्नास-पन्नास पिल्लं वाढवली, हे तुला ठाऊक आहे. एका जातीच्या पायात निळी पट्टी, दुसरीच्या पिवळी. बेचाळिसाव्या दिवशी निळीची सरासरी दोन किलो चारशे, पिवळीची दोन किलो दोनशे. तो तक्ता बघून तू तुमच्या ढाब्यासाठी हॅचरीत सहाशे निळी पिल्लं सांगितलीस. दाजी म्हणाले, "नववीतनं पळालेल्या शास्त्रज्ञाच्या कागदावर ढाबा चालवायचा व्हय?" तू म्हणालीस, "रणधीरचा आकडा चुकत न्हाय."

आकडा चुकलाय, ताई. रामकिसनकाकांचा काटा सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास मिळायचा. पिवळ्या मी सकाळी खाद्य टाकायच्या आधी तोलल्या, निळ्या संध्याकाळी, पोटभर खाल्ल्यावर. त्यांच्या पोटातलं खाद्य मी वाढ म्हणून लिहीत गेलो. चौथ्या आठवड्यात ध्यानात आलं होतं. पण त्याच दिवशी तुझा फोन आला, माझं कौतुक करताना तू थांबेचनास. मी गप्प बसलो, आणि पुढंही तसंच तोललं.

आज काटा दिवसभरासाठी मागून आणला. सगळ्या रात्रीपासून उपाशी ठेवल्या होत्या. निळी फक्त ऐंशी ग्रॅमनं जड. कापल्यावर पाचपैकी तीन निळ्यांच्या छातीच्या मांसात पांढऱ्या रेघा, दाबलं तर बोट आत जाईना. पिवळ्यांत तसं एकही नाही. किलोभर मांस शिजवलं तर निळीचं सातशे दहा ग्रॅम उरलं, पिवळीचं सातशे नव्वद. कुठलं कुठलं ते न सांगता आईपुढं दोन्ही ठेवलं. निळीचा घास ती चावतच राहिली. म्हणाली, "हे कुणाच्या ताटात वाढू नगंस बाबा."

पिल्लं शनिवारी सकाळी निघणार. उद्या बाराच्या आत तू हॅचरीत फोन केलास तर पिल्लामागं रुपया घेऊन जात बदलून देतात, मी विचारलंय. एवढ्यासाठीच लिहितोय. दाजींना माझं नाव सांग. नुसती चूक सांगू नकोस, कळूनही गप्प बसलो तेही सांग.

खर्च : दहा कोंबड्या, दोन हजार तीनशे, माझे. देणं : जात बदलायचे सहाशे, तुला.

तुझाच,
रणधीर