काय डोकं, काय ताकद

४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून लिहितोय. दारावरची बेल वाजली तरी दार उघडायला उठत नाही. तुझी वहिनी पडदे उघडू देत नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल. कुणीतरी माझ्या फुटबॉलच्या कॉमेंट्रीचे तुकडे जोडून लोकांपुढे ठेवलेत. गोऱ्याने गोल केला की मी म्हणे ‘काय डोकं!’ म्हणतो आणि काळ्याने केला की ‘काय ताकद!’ आता कौतुक करणं हाही वर्णद्वेष झाला का गं? प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलायचा तर सामना संपेपर्यंत माझं पहिलं वाक्यच चालू राहील.

पंधरा तारखेला चौकशी आहे. नोकरी गेली तर या वयात मला दारात कोण उभं करणार? तू ये. एवढंच सांग, की मी गोरा, तू काळी, पण आपल्या घरात कधी भेद झाला नाही. सख्ख्या बहिणीचा शब्द मानतील.

पार्सल खात्यातल्या गोण्या जपून उचल. अर्थात तुला काय होतंय, तू लोखंडाची! लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझा,
दादा

८ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तुझ्या मनात विष नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण घरात कधी भेद झाला नाही, हे सांगताना जीभ अडखळेल, याची भीती वाटते. आणि नाही आले तर तू खचशील, याचीही.

आपण बुद्धिबळ खेळायचो, आठवतं? मी जिंकले की तू चिडून म्हणायचास, ही थकतच नाही, म्हणून जिंकते. बाबाही मान डोलवायचे. बुद्धिबळात, दादा! आणि मी वेडी फुशारून जायची. मग डोकं असलेल्याला कॉलेजात धाडलं आणि ताकदवालीला गोण्या उचलायला. वाईट कुणीच बोललं नाही, लाडच झाले. माझी कंबर गेल्या वर्षीच गेली रे. पट्टा बांधून कामावर जाते. तुला कळवलं नाही, कारण तू हसला असतास.

बोलावलंस तर येईन. पण विचारलं तर हेच सांगेन. रागाव हवं तर, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. तुझं पत्र वाचून आधी संतापलो, फाडणारच होतो. मग तुला खोटं पाडायचं म्हणून एक जुना सामना लावला, आवाज बंद केला आणि नेहमीसारखा बोलायला बसलो. अगदी जपून. त्यातल्या एका काळ्या पोराने मान वर न करता, तिघांच्या मधून पास दिला. इतका हलका, की चेंडू गवतावरून जेमतेम सरकला. आणि माझ्या तोंडून निघालं, काय ताकद!

वहिनी स्वयंपाकघरातून येऊन माझ्याकडे बघत राहिली. मी टीव्ही बंद केला.

इतके दिवस चौकशीची भीती होती, आता स्वतःच्याच तोंडाची वाटते. तिथे काय बोलेन, ठाऊक नाही. तुझं पत्र खिशात नेणार आहे.

कंबरेचं डॉक्टर काय म्हणाले, ते सविस्तर कळव. मी हसणार नाही.

तुझा,
दादा