एकोणतिसावा होयबा

मंगळवार, १४ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही वेळेवर जेवत असशील असं धरून चालते, कारण विचारायला जावं तर तू फोन उचलत नाहीस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तुला माहीतच आहे, तेव्हा लावून लावून वाच.

इकडची बातमी म्हणजे आईच्या भरतकामाच्या मशीनचा पट्टा बदलला. दुरुस्तीवाल्याने पुन्हा तेच सांगितलं, की आता मशीन नवं घ्या, हे त्या जुनाट कॉम्प्युटरशिवाय कुणाशी बोलतच नाही. आई म्हणाली, एकाशी तरी धड बोलतंय ना, मग राहू दे. माझं दवाखान्यात ठीक चाललंय. कॉम्प्युटर विभाग म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा आणि तो आपोआप अडकला या डॉक्टरांच्या म्हणण्याला मान डोलवायची. त्यात नवीन काय लिहू.

इंटरनेटवर टाकलेला तुझा माफीनामा वाचला. नवा गेम जुन्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या तुझ्या पॅचमुळे हजारो लोकांचे साठवलेले खेळ एका दिवसात नाहीसे झाले, त्यात एका शाळेतल्या मुलांनी चार महिने बांधलेलं शहरही गेलं, हे तू काही न लपवता लिहिलंस ते बरं केलंस. पण पुढचं मला पटलं नाही. "ही फाइल माझ्या ताईने तपासली होती. तिच्याही नजरेतून जे सुटतं ते पकडणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे, म्हणून मी हे काम थांबवतोय." आणि गेम बनवणाऱ्या कंपनीने तुला नोकरीला बोलावलंय, त्यांनाही महिनाअखेरीला नकार कळवणार म्हणे. एवढं टोकाला जायची गरज नाही. शिंकलं की लगेच अंथरूण धरायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

आईला मी माफीनामा वाचून दाखवला, माझ्याबद्दलची ओळ गाळून. मशीन नक्षी भरत असतं तेवढ्या अर्ध्या तासात ती त्याच गेममध्ये जे बेट खेळते ना, तेही गेलं बरं का. तीन वर्षांचं होतं, घाट बांधला होता, बदकं पाळली होती. मला म्हणाली, "त्याला सांगू नकोस, आधीच बिचारा गांगरलाय." मी सांगितलं नव्हतं. आता लिहून बसले.

धीर धर. चुका सगळ्यांच्याच होतात. बाकी सर्व क्षेम.

गुरुवार, १६ मार्च

वरचं पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. दवाखान्याच्या दारातच पोस्टाची पेटी आहे, पण टाकवलं नाही. वर लिहिलेलं खोटं नाही, पण त्यात खरंही काही नाही. आता पुढे लिहिते.

घरात एकच कॉम्प्युटर होता आणि मशीनपायी तो बदलता येत नव्हता, म्हणून तर आपण दोघं या उद्योगाला लागलो. नवा गेम यायचा, आपली जुनी सिस्टीम बघायचा आणि तोंड फिरवायचा. मी एकोणीस वर्षांची असताना गेम आणि सिस्टीम यांच्या मधे बसणारा तो पहिला प्रोग्रॅम लिहिला. गेमने विचारलं, तू कोण, की तो बेधडक सांगायचा, मी नवीच सिस्टीम. पुढे गेम एकेक कामं सांगायला लागायचा, जी आपल्या सिस्टीमला येतच नव्हती. तिथे आपण होयबा बसवायचो. काम काही करायचं नाही, फक्त "झालं" म्हणायचं, म्हणजे गेम पुढे सरकतो. मग सवडीने एकेका होयबाला हटवून तिथे खरं काम करणारं काही लिहायचं. जे निरुपद्रवी असतील ते तसेच ठेवायचे. कोणता होयबा निरुपद्रवी आणि कोणता नाही, हे ओळखण्यातच सगळं कसब. ते मी तुला शिकवलं.

तू घर सोडून गेलास तरी पद्धत मोडली नाहीस. पॅच लोकांना देण्याआधी राहिलेल्या होयबांची यादी मला पाठवायचास. मी ती दवाखान्यात छापून घ्यायची, दुपारच्या सुट्टीत पेन्सिल घेऊन बसायचं, शंका आली तिथे टिंब करायचं. मग तुला कळवायचं. मी "पास" म्हटल्याशिवाय तू कधी काही बाहेर सोडलं नाहीस.

या वेळी यादीत एकेचाळीस होयबा होते. एकोणतिसावा मी पाहिला, बारक्या.

गेमची नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती जुना साठवलेला खेळ नव्या साच्यात उतरवते, जुना पुसते आणि मग सिस्टीमला सांगते, आता हा डिस्कवर पक्का ठेव. तिथे होयबा बसला होता. "ठेवला" म्हणणार आणि ठेवणार कुठेच नाही. तू प्रत्येक वेळी कोरा खेळ सुरू करून तपासतोस, जुना उघडून बघत नाहीस, त्यामुळे तुला ते दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं. मी टिंब केलं. सुट्टी संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग खोडरबर घेऊन ते पुसलं आणि तुला "पास" कळवलं.

त्याच्या चारच दिवस आधी तुझी ती मुलाखत आली होती. कसा शिकलास, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं आणि तू म्हणालास, घरी एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर खटपट करत शिकलो. आईने ती तीनदा लावली. कपडे न्यायला येणाऱ्या बायकांना दाखवली. तिन्ही वेळा मी दारात उभी होते आणि तिन्ही वेळा वाटलं की या वेळी तरी तू "ताई" म्हणशील. मनात म्हटलं, जिने शिकवलं ती राहिली कागद ओढत आणि हा निघाला मोठा स्वयंभू.

हे कारण मी स्वतःला बरेच दिवस पुरवलं. पण ते खरं कारण नाही. तू माझं नाव घेतलं असतंस तरी मी जळलेच असते. आठव, गेममधला आवाज फाटायचा. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते, डोकं आपटून घेतलं. तू एका शनिवारी बसलास आणि रविवारी आवाज स्वच्छ. मला हाक मारून ऐकवलास. मी शाबासकी दिली, पाठ थोपटली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्या दिवसापासून मला माहीत आहे की तू माझ्यापेक्षा सरस आहेस. मी शिकवलं म्हणून नाही, तुझ्यात ते आहे म्हणून. मला ते सहन होत नाही. तुझं एकदा तरी चुकावं, लोकांनी तुला चार शब्द सुनावावेत, आणि तू "ताई, आता काय करू" म्हणत माझ्याकडे यावंस, एवढंच मला हवं होतं. इतकं पसरेल असं वाटलं नव्हतं, हेही लिहिलं असतं, पण एकदा लोकांच्या हातात गेलेला पॅच किती पसरतो हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती दोरा ओवत होती, ओवायची थांबली. मग विचारलं, "त्याला कळलंय?"

मी म्हटलं, नाही.

"मग लिही. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलून मोकळी होतेस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं, समोर ठेवलं, इतकंच.

आज सकाळी तुझ्या माफीनाम्याखाली मी माझ्या नावाने सगळं लिहिलंय. चूक मला दिसली होती आणि मी मुद्दाम झाकली, असं स्पष्ट. लोकांनी जे बोलायचं ते आता मला बोलतायत आणि ते रास्तच आहे. तू मधे पडू नकोस.

राहता राहिलं ते एकच. तू काम सोडतोयस ते माझी नजर चुकली म्हणून. नजर चुकली नव्हती. तुझ्या हातून एक होयबा राहिला, तो कुणाच्याही हातून राहतो, त्यासाठीच तर दुसऱ्या माणसाने तपासायचं असतं. तू माणूस चुकीचा निवडलास, एवढीच तुझी चूक. दुसरा शोध, त्याला यादी दाखव, आणि महिनाअखेरीला त्या लोकांना हो कळव.

तू तिथे गेलास की मला आनंद होईल, असं लिहायला घेतलं होतं. होणार नाही. पोटात पुन्हा तसंच दुखेल. तरी जा. माझ्या दुखण्याकडे बघून थांबलास, तर मला जे हवं होतं तेच मिळेल, आणि ते मला मिळता कामा नये.

माफी मागत नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, मागितली तर लगेच देशील.

तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आणि हे लिहितानाही तुझ्यावर जळणारी,
तुझी बहीण