बोईसरच्या बाजारातली जागा

दांडी,
३ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगी,

अ. उ. आ. फोनवर तू रडतेस नि मी ओरडते, कामाचं कायच होत नाय, म्हणून पत्र. तू कळवलंस की मी बाई नाय, बाप्या पण नाय, मला नुसतं हेम म्हणा नि 'ती' म्हणू नका. मी कपाळावर हात मारला. अगं, आपल्या दांडीत बाप्ये होडीवर जातात, बाया टोपली घेऊन बाजारात बसतात. तुला दोन्ही नको, मंग खाणार काय? एवढी आळशी कधी झालीस?

माझे गुडघे पार गेले. मला ना पोर ना बाळ, बोईसरच्या बाजारातली माझी जागा तुझ्यासाठीच धरून ठेवलीय. १६ तारखेच्या रविवारपर्यंत तू बसली नाय, तर ती शेजारी बसणाऱ्या लाडकीच्या सुनेला जाईल. मंग मी जीव देईन, नायतर लाडकीचा घेईन.

माया आटू देऊ नको, जेवत जा.

तुझी सोजराआत्या

पालघर,
७ नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आळशीपणाचा इथे काय संबंध, आत्या! टोपली हवी आहे, जागा तर हवीच आहे. तुझ्या मागे बसून बोंबील निवडण्यातच बालपण गेलं, दुसरं काही नीट येतही नाही. फक्त आम्ही जसे आहोत तसे बसू. केस कापलेले, अंगात शर्ट. 'ये गं हेमांगी' ऐकत जन्म काढणं जमणार नाही. इथल्या ऑफिसात दोन वर्षं खोटं हसण्यात गेली, आता पुरे.

बाजारातल्या बायकांना विचारशील? आम्ही रविवारी थेट बाजारात येऊ. त्यांनी घेतलं तरच दांडीला येऊ, नाहीतर कोणत्या तोंडाने यायचं?

रागावलीस तरी आपलं म्हणत राहा.

तुझंच,
हेम

दांडी,
११ नोव्हेंबर

चि. हेम,

अ. उ. आ. 'आम्ही येऊ' वाचून मी पाच जणांच्या गाद्या उन्हात टाकल्या. शेजारच्या वैभवीनं समजावलं की आमी म्हणजे एकच माणूस, 'येतो' पण नको नि 'येते' पण नको म्हणून. बरं. तुमी आमी, तर मी पण तुमी म्हणते. ज्याचं ढुंगण धुतलं त्याला तुमी म्हणायचं, काय दिवस आले!

मासळी संपल्यावर बाजारात सभा झाली. साऱ्या जणी टोपल्या उपड्या घालून बसल्या. मैनाबाई बोलली, पापलेट नर का मादी, विचारून कोण घेतो? लाडकी बोलली, गाबोळीवालं, पोटात अंडी असलेलं, विचारूनच घेतात. त्यावर तासभर कचाकचा भांडण. एकीनं मोबाइलवर या विषयावरचं भाषण लावलं, ते हिंदीत, नि अर्ध्यात नेट गेलं. शेवटी ठरलं, बसू द्यायचं नि बघायचं. लाडकीनं शपथ घेतली की मी एक शब्द वाकडा बोलणार नाय. मला त्याचंच भ्या वाटतं. रविवारी मी काय येत नाय, गुडघे परत तेवढं चालू देणार नाय.

जीव लावून हाय, विसरू नका.

सोजराआत्या

पालघर,
१७ नोव्हेंबर

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. काल साऱ्या जणी इतक्या गोड बोलल्या की टोपली उचलून पळावंसं वाटलं. बसा हां, पाणी घ्या, ऊन लागतंय का? लाडकीमावशीने तर स्वतः सरकून हातभर जागा जास्त दिली, पाहुण्यांना देतात तशी. परतताना बसमध्ये रडू आवरेना. वाटलं, आता येऊच नये.

तरी आज गेलो. आज लाडकीमावशीने आपला टब चार बोटं आमच्या जागेत ढकलला. आम्ही परत ढकलला. तिने पुन्हा. मग तिने जे तोंड सोडलं! आमचे केस, आमच्या सात पिढ्या, तुझे गुडघे, काही म्हणता काही ठेवलं नाही. आमचंही तोंड सुटलं. मध्येच एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा मुलगा की मुलगी? दोघांनी मिळून त्याला पळवून लावलं आणि पुन्हा भांडायला लागलो. आत्या, ती फारच चिडली आहे. जागा गेली का गं?

चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझंच,
हेम

दांडी,
१९ नोव्हेंबर

चि. हेम,

अ. उ. आ. पत्र वाचलं नि मी गुडघ्यांसकट उठून उभी राहिले. अवो, लाडकी माझ्याशी बावीस वर्षं भांडते! परक्याशी ती कधी भांडत नाय, परक्याला ती पाणी विचारते. तिनं तुमाला बाजारात घेतलं. खोटं नाय सांगत, मी पदर तोंडात घालून रडले.

पण चार बोटं म्हणजे फार झालं. पत्र मिळालं की दुसऱ्या सकाळी तिच्याआधी पोचा नि पाच बोटं ढकला. मंग सांजच्याला घरी या.

तुमची सोजराआत्या