अंधाराची रंगीत तालीम

१ सप्टेंबर, सकाळ

वीज गेलेली असते. गेली आहे, हे आपणच घरभर ओरडून सांगितलेले असते. तरीही हातात मेणबत्ती घेऊन दुसऱ्या खोलीत शिरताना आपला मोकळा हात आधी दिव्याच्या बटणाकडेच जातो. असे का व्हावे? विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, परंतु वर्गात हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही.

उत्तर सोपे आहे. ज्ञान डोक्यात राहते आणि सवय हातात राहते. दोघांची फारशी बोलचाल नसते. म्हणून डोक्याला कितीही समजावले, तरी हाताला स्वतंत्र शिकवणी द्यावी लागते. तिचे नाव सराव.

आजपासून रोज सायंकाळी सात ते नऊ मेन स्विच बंद. घराला वादळाची सवय लावायची.

१ सप्टेंबर, दुपार

उद्दिष्ट लिहायचे राहिले. उद्दिष्टावाचून प्रयोग म्हणजे नुसता पसारा.

गेल्या वर्षीच्या वादळात आमच्याकडे सलग तीन दिवस वीज नव्हती. त्या अंधारात आमची ही पुष्कळ बोलली. मीही ट्रान्सफॉर्मर कसा जळतो, ते तिला पायरीपायरीने समजावून सांगितले. ते तीन दिवस मला फार आनंदात गेल्याचे आठवते. यंदा मात्र वादळांचा मोसम सुरू होताच तिने बॅग भरली आणि थोरल्या बहिणीकडे निघून गेली. जाताना दारात म्हणाली, “आणखी एक असा पावसाळा मला या घरात काढायचा नाही.”

वाक्य स्पष्ट आहे. दोष घराच्या पूर्वतयारीत आहे, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

तिची बहीण ज्या मुलींच्या वसतिगृहात काम करते, तिथे रेक्टरची जागा रिकामी आहे. राहण्याची खोली मिळते. ही सध्या तिथेच बहिणीला मदत करते, म्हणून हिला विचारले आहे. होकार किंवा नकार वीस तारखेपर्यंत कळवायचा आहे. “त्याआधी संध्याकाळी मोकळी झाले की फोन करीन. तेवढा उचला,” असेही ती म्हणाली होती.

तिचा फोन येईपर्यंत घर सज्ज हवे.

३ सप्टेंबर

वेळापत्रक पक्के केले. पाच ते सात फोनसमोर बसणे. सात ते नऊ तालीम. संध्याकाळ म्हणजे सूर्यास्ताच्या आगेमागेचा काळ. सातला ती शास्त्रानुसार संपते, त्यामुळे दोन्ही कार्यक्रम एकमेकांच्या आड येत नाहीत.

तालमीत मोबाइलही बंद. खऱ्या वादळात टॉवर आधी कोसळतात, बॅटरी राखावी लागते. फोन बंद करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. डब्याचे झाकण घट्ट आहे. काढताना नख तुटले.

मोबाइल कंपनीचे मेसेज मात्र बंद करून टाकले. दिवसभर नुसता उच्छाद होता. ही ऑफर, ती योजना, हा नंबर आपणांस फोन करत होता, हे आणि ते. शिकल्यासवरल्या माणसाने आपल्या फोनवर शिस्त ठेवावी.

फोन आला नाही. वसतिगृहात कामाचा रगाडा असणार.

६ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन आला. ती परगावी असते आणि दर रविवारी सकाळी बोलते. बाबा, तुम्हीच आईला फोन करा, असा तिचा आग्रह. मी तिला शांतपणे समजावले की निर्णय हिचा आहे, आणि निरीक्षकाने प्रयोगात हात घालू नये. घालेल तर मिळणारे उत्तर प्रयोगाचे नसते, निरीक्षकाचे असते. लेक म्हणाली, ती काय बेडूक आहे का?

मुलीच्या शिक्षणावर खर्च केला, परंतु उपमा अजून कच्च्या आहेत.

८ सप्टेंबर

इन्व्हर्टर बसला. वायरमनने कोणते पॉइंट जोडायचे ते विचारले. हिच्या उशाचा दिवा, स्वयंपाकघर, हिच्या बाजूचा पंखा. तो म्हणाला, आणि तुमच्या बाजूचा? मी म्हटले, मला उकडत नाही. त्याने विचारले, बाई गावाला का? मी म्हटले, बहिणीकडे, टेम्पररी. तो शिडीवरून म्हणाला, “सर, आमच्या धंद्यात टेम्पररी जोडणीच सगळ्यात जास्त टिकते.”

माणूस कामाला चांगला, पण बडबड्या. बडबडीने हातातले लक्ष उडते, हे मी त्याला उदाहरणे देऊन सविस्तर सांगितले. जाताना तो पक्कड विसरला.

९ सप्टेंबर

अंधारात चमकणारी पट्टी आणली. दिवसा प्रकाश शोषून घेते आणि अंधारात तो सोडते. अतिशय सुंदर तत्त्व. जिन्याच्या पायऱ्यांना लावली, बाथरूमच्या उंबरठ्याला लावली, हिच्या कपाटाच्या मुठीला लावली. उशाशी चष्मा ठेवायची तिची एक ठरलेली जागा आहे, तिच्याभोवती चौकोन केला.

तालमीत पाहिले. चौकोन झकास दिसतो. चष्मा ती घेऊन गेली आहे, परंतु आधी जागा पक्की हवी.

फोन नाही.

११ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सगळी इमारत ‘हवामानखाते’ म्हणते. ढग दिसला की ते दारोदार बातमी पोचवतात. आज आले, तेव्हा मी हिचे शिवणाचे मशीन टेबलावर चढवत होतो. त्यांनी कारण विचारले. मी म्हटले, पुराचे पाणी. ते म्हणाले, “सर, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. इथवर पाणी आलं तर ब्लाउज कोण शिवायला टाकणार आहे?”

हसले, हसू देत. मशीन हिच्या आईचे आहे.

पाठीत उसण भरली आहे. निवडक तालीम केली, म्हणजे अंधारात पडून राहिलो.

१३ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. म्हणाली, आई सांगत होती की संध्याकाळी फोन लागत नाही. मला एकदम उलगडा झाला. वसतिगृहाच्या भिंती जाड, त्यामुळे हिच्याकडे नेटवर्क पोचत नाही. लहरी, अडथळे, भिंतीतले लोखंड, सगळे मी लेकीला व्यवस्थित उलगडून सांगितले. मध्येच ती दोनदा “बाबा, पण तुमचा” असे म्हणाली. मी म्हटले, आधी मुद्दा पुरा होऊ दे. मुद्दा पुरा झाला तेव्हा तिला कुठेतरी निघायचे होते. “बरं,” म्हणाली.

ठरवले: हिच्यासाठी नेटवर्कचा बूस्टर घेऊन पाठवायचा. चौकशी उद्या.

बाकी मनाला फार हलके वाटले. म्हणजे ती फोन करते आहे.

१६ सप्टेंबर

बूस्टरची चौकशी राहिली. पाण्याच्या पिंपाची तोटी गळून खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या गादीवर पाणी गेले. मी त्यांना झिरपण्याची क्रिया समजावून सांगायला गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतले. दमट हवेने माणसे चिडचिडी होतात.

हात मात्र शिकला. आज अंधारात तिन्ही खोल्या फिरलो, एकदाही बटणाकडे गेला नाही. हे कोणाला तरी सांगावेसे वाटले. हिला सांगितले असते, तर “हो का?” म्हणाली असती. तेवढे पुरते.

१८ सप्टेंबर

खऱ्या, सरकारी हवामानखात्याने स्वतः जाहीर केले: उद्या रात्री मोठे वादळ आपल्यावर. प्लायवुड आणून सर्व खिडक्या आतून बंद केल्या, फटींत रजया कोंबल्या. काचेवर कागदी पट्ट्या चिकटवून काच मजबूत होते, हा लोकांचा भ्रम आहे. माझ्या घरात भ्रमाला थारा नाही.

पाच ते सात फोनसमोर. काही नाही. साडेसहाला वाजला, तो चुकीचा नंबर निघाला. त्या गृहस्थांना गॅसवाला हवा होता. थोडा वेळ बोललो. त्यांच्याकडेही वारा सुटला होता.

१९ सप्टेंबर, दुपारी चार

वारा वाढला. विजेचा दाब खालीवर झाला तर यंत्रे जळतात, म्हणून मेन स्विच आत्ताच बंद. फोन बंद करून डब्यात. आज फोनसमोर बसणे रद्द. असल्या दिवशी कोण फोन करणार?

१९ सप्टेंबर, संध्याकाळ

सुरू झाले. रजयांतूनही पाऊस ऐकू येतो. इन्व्हर्टर चालू आहे. हिच्या उशाचा दिवा जळतो आहे, हिच्या बाजूचा पंखा फिरतो आहे. पट्ट्या लखलखीत. गेल्या वर्षी असे असते, तर ही गेली नसती. हे आता केवळ अनुमान नाही, प्रयोगाने सिद्ध झाले आहे.

२० सप्टेंबर, रविवार

वीज अजून आलेली नाही. बाहेर विलक्षण शांतता. सगळे गाव अंधारात चिडीचूप बसले असणार. बिचारे लोक. त्यांच्याकडे काहीही तयारी नाही.

इन्व्हर्टरने दुपारी मान टाकली. मेणबत्तीवर आहे. बिस्किटे, थंड दूध. दूध किंचित आंबट.

आज वीस तारीख. वसतिगृहवाल्यांनाही वादळामुळे मुदत वाढवावीच लागेल. तसा नियमच असतो.

दिवसभर कोणाशी बोललो नाही. हिच्या कपाटाची मूठ चमकते आहे. उघडून पाहिले. आत लावायला पट्टी उरली नव्हती, आणि आत काही नव्हतेही.

२१ सप्टेंबर, सकाळ

हवामानखाते दार ठोठावत होते. हातात माझी दुधाची पिशवी. म्हणाले, सर, आजारी आहात का, कालपासून पिशवी बाहेरच? मी म्हटले, वीज गेल्यावर माणसाने घराबाहेर पडू नये. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. त्यांच्या मागे जिन्यातला दिवा जळत होता.

वादळ शनिवारी रात्रीच वळले. दोन सरी पाडून समुद्रावरच विरले. वीज एक मिनिटही गेली नाही. सगळी इमारत काल टीव्हीवर क्रिकेट बघत होती.

मेन स्विच मीच बंद केला होता. प्लायवुडमुळे बाहेरचे दिवे दिसले नाहीत. तर्कात कुठेही चूक नाही. फक्त सुरुवात चुकली.

स्विच लावला. फ्रिज घुरघुरला. डबा उघडला, फोन सुरू केला.

२१ सप्टेंबर, दुपार

हिला मीच फोन केला. तिच्याकडे नेटवर्क उत्तम आहे.

साडेसातला मुली जेवायला बसतात, तेव्हा तिला अर्धा तास मोकळा मिळतो. रोज त्या अर्ध्या तासात ती फोन लावत होती. रोज बंद. शनिवारी वादळाची बातमी ऐकून रात्रभर लावत होती. काल सकाळी लेकीने वरच्या हवामानखात्यांना फोनवर गाठले, त्यांनी सांगितले, सर घरात आहेत, रात्री खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग हिने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि वसतिगृहाला होकार कळवला.

मी तिला सर्व समजावून सांगितले. तालमीचे तत्त्व, टॉवर, बॅटरी, डबा, सातनंतर संध्याकाळ का म्हणता येत नाही. तिने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. इतके नीट तिने पूर्वी कधी ऐकून घेतले नव्हते, असे मला वाटले. की मीच पाहिले नव्हते?

शेवटी म्हणाली, “कळलं. मला रोज एकच विचारायचं होतं. मी घरी येऊ का.”

त्यावर काय म्हणायचे, ते मला अगदी ठाऊक होते. शब्द एकच होता. मी म्हणालो, “आता इन्व्हर्टर आहे. तुझ्या बाजूचा पंखा चालतो.”

ती हसली. चिडली नाही. म्हणाली, “जेवून घ्या. दूध आंबलं असेल, ते पिऊ नका.”

फोन तिने ठेवला. मी कानालाच धरून होतो.

२२ सप्टेंबर

‘ये’ म्हणायचे, एवढेच होते.

२७ सप्टेंबर, रविवार

तालमी बंद केल्या. प्लायवुड काढले. फोन दिवसरात्र सुरू असतो, आवाज पूर्ण वाढवलेला असतो. सकाळी लेक बोलली. बाबा, काही सांगायचंय का, म्हणाली. मी म्हटले, नाही, तू बोल. ती बराच वेळ बोलली. तिला नवे शेजारी मिळाले आहेत. मी ‘हो का?’ म्हणालो.

बाकी फोन वाजत नाही. साडेसात होऊन जातात, आठ होतात. त्यामुळे फोनच बिघडला असावा, अशी शंका मनात आली. शंकेचे निरसन घरच्या घरी करता येते आणि त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही. आपला फोन टेबलावर ठेवावा. दार उघडे ठेवून वर शेजाऱ्यांकडे जावे, त्यांचा फोन मागून आपला नंबर लावावा, आणि जिन्यात उभे राहून खाली आपल्या घराकडे कान द्यावा. वाजल्याचे ऐकू आले, तर फोनमध्ये काहीही दोष नाही.

आज संध्याकाळी साडेसातला करून पाहिले. पहिल्या झटक्यात वाजला. हवामानखात्यांना त्यांचा फोन परत हवा होता. मी म्हटले, थोडा वेळ वाजू द्या.