मोगऱ्याची पानं

२ फेब्रुवारी
मोगरा उघडाबोडका! काल सांजेपर्यंत पानं होती. बकरी नव्हे — बकरी शेंडे ओरबाडते. इथे एकेक पान देठापासून खुडलेलं. ऋषिकेश दर वर्षी असंच करायचा. आधी पाणी तोडायचं, मग पानं. 'आई, उपाशी ठेवल्याबिगर थो फुलत नाही.'

माझा मुलगा. गेल्या भादव्यात विहिरीवर मोटार सुरू करताना शॉक बसून गेला.

यंदा मी मोगऱ्याला मुद्दाम पाणी घालत होते. नुसती पानंच येऊ देत. फुलं कोणासाठी?

५ फेब्रुवारी
शेजारच्या केशरबाईनं कुंपणावरून पाहिलं. म्हणाली, 'पोराचा जीव अडकला त्याच्यात. उपटून टाक. घरात तरनी सून हाये, तिच्या मांगं लागन.' मग जरा टोचून, 'तू त शाळेत शिकोलं लेकराईले. तुले कायले पटन?'

पटत नाही. तरी अंधार पडल्यावर दार उघडंच ठेवलं.

११ फेब्रुवारी
बुंध्याशी शेणखत. माती ओली. मी घातलेलं नाही.

१९ मार्च
कळ्या.

२० मार्च
सून साधना भाकरी थापता थापता म्हणाली, पानं तिनंच खुडली. ऋषिकेशनं शिकवलं होतं.

तो नव्हता तर! इतके दिवस दार उघडं ठेवून मी बसले होते.

'कायले खुडली?' विचारलं. ती तव्याकडे बघत होती. 'मले फुलं माळायची हायेत, आई. माह्या दादानं शिरपूरचं स्थळ आणलं. तुमी नाही म्हनलं, त नाही.'

विधवेनं मोगरा माळायचा नसतो. नवरा गेल्यापासून मीही माळलेला नाही.

नाही म्हटलं तर ती राहील. तिच्या बोटांत त्याचं खुडणं राहील. या घरात त्याचं दुसरं उरलंय काय?

२३ मार्च
उत्तर दिलेलं नाही. ती विचारत नाही. कळ्या टपोऱ्या. केशरबाई म्हणते, झाडावरच वाळू दे.

२६ मार्च
तिच्या भावाला फोन करून सांगितलं — उद्या पाहुणे घेऊन ये. फोन ठेवल्यावर अंगणात पाहवेना.

२७ मार्च
कळ्या मीच तोडल्या. ओवल्या. तिच्या वेणीत माळल्या.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाच्या आईनं विचारलं, 'तुमी तिच्या सासू ना?'

'नाही. आई.'

ऋषिकेशचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही.